अंतरातून खोली

रॉक ऐकायला सुरुवात कुठून करावी, असं मला अलीकडे बरेच जण विचारतात. विचारणारे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. कान भावगीतावर, नाट्यगीतावर, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मैफलींवर पोसलेला. मुलं दार लावून जे ऐकायची ते आता, घर रिकामं झाल्यावर, एकदा नीट ऐकून बघावं असं त्यांना वाटतं. लावलं की पहिल्या मिनिटातच गोंगाटापलीकडे काही हाती लागत नाही. त्यांना मी सांगते, गिटार तूर्त सोडा. शब्द तर अजिबात नकोत. आधी पाय ऐका, आणि ते कुठल्या जमिनीवर पडतायत ते ऐका.

मला हे काशीत कळलं, मंगला गौरीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर.

माझ्या आत्याचं सासर काशीचं. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांतलंच एक. माझ्या लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी तिनं हट्टानं बोलावून घेतलं. "यंदाची मंगळागौर इथे पूज. देवी इथे बसलीय आणि तू तिकडे पुण्यात पाटावर मांडतेस होय गं?" म्हणाली. मग गेले. मंगला गौरीचं देऊळ पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, गल्लीच्या पोटात आहे. गौरीसोबत तिथे गभस्तीश्वर महादेव आहे, मयूखादित्य म्हणजे सूर्यही आहे. उत्तरेचा श्रावण आपल्या आधी पंधरवडाभर लागतो, त्यामुळे आपला पहिला मंगळवार उजाडेपर्यंत तिथल्या बायकांचे मंगळवार सुरू होऊन गेलेले असतात. दर्शन झाल्यावर मी घाट बघायला खाली गेले, तर घाट नव्हताच. गंगा चढली होती. पहाटेच्या अंधारात कबीर ज्या पायऱ्यांवर आडवा पडला आणि रामानंदांचा पाय त्याच्यावर पडला अशी कथा आहे, त्या पायऱ्या मला बघायच्या होत्या. त्या सगळ्या मातकट पाण्याखाली होत्या.

रात्री आत्याकडे जागरण. घर जुन्या बनारसी बांधणीचं: मधोमध दगडी चौक, चारी बाजूंनी तीन मजले चढलेले, वर आभाळाचा एक चौकोन. चौकात झिम्मा झाला, पिंगा झाला, फुगड्या सुरू झाल्या. मी दमून तिसऱ्या मजल्याच्या सज्जात जाऊन बसले. आणि वरून ऐकताना तीच फुगडी वेगळीच ऐकू यायला लागली. खाली असताना शेजारणीचा श्वास, बांगड्या, हसू, सगळं सुटंसुटं कानावर येत होतं. वर येईपर्यंत ते भिंतींना घासून एक झालं होतं. पावलं दगडावर पडत होती आणि क्षणभरानं भिंती ती पुन्हा वाजवत होत्या. आवाज लहान व्हायला हवा होता, तो मोठा झाला होता.

बऱ्याच वर्षांनी लेड झेपेलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' पहिल्यांदा चांगल्या स्पीकरवर ऐकलं आणि ड्रम सुरू झाल्याबरोबर मी ते घर ओळखलं. पुढे वाचलं तेव्हा कारण कळलं. १९७१ साली हा ताफा इंग्लंडच्या हँपशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत राहून ध्वनिमुद्रण करत होता. एकेकाळी गरिबांसाठीचं कामघर असलेली ती वास्तू. स्टुडिओ म्हणून बाहेर एक ट्रक उभा. जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी, उंच दिवाणखान्यात मांडले आणि अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकानं दोन मायक्रोफोन वर जिन्यात टांगले. ड्रमजवळ एकही नाही. वर जे पोचलं तेच घेतलं, त्याला प्रतिध्वनीच्या यंत्राची थोडी जोड दिली, आणि सगळं मूळ वेगापेक्षा जरा संथ केलं. ताफ्याचा गिटारवादक जिमी पेज, त्याचं सूत्रच होतं, अंतर म्हणजे खोली. इंग्रजीत त्यानं म्हटलं ते खोलपणाबद्दल. मराठीत मात्र 'खोली' म्हणजे राहायची जागाही, आणि या गाण्यात तिचे दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात.

म्हणून माझा पहिला सल्ला असा: कुठलंही जुनं रॉक रेकॉर्डिंग लावण्याआधी ते कुठे मुद्रित झालं ते शोधा. राग ओळखल्याशिवाय आपल्याला बंदिश ऐकताना चैन पडत नाही ना, तशी इथे जागा ओळखायची सवय लावा. चाल नंतर आपोआप कळते.

सुरुवातीला लेव्ही मात्र लावू नका. सात मिनिटांचं आहे, जड आहे. सुरुवात करायची क्वीनच्या 'वी विल रॉक यू'नं, १९७७. गाणं दोन मिनिटांचं. त्यात ड्रम नाहीत, आणि गिटार अगदी शेवटी येते. तोवर फक्त पाय, टाळ्या आणि माणसांचे गळे. मंगळागौर खेळलेल्या कुठल्याही बाईला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. चार समान भाग मोजा: पाय, पाय, टाळी, रिकामं. पुन्हा पाय, पाय, टाळी, रिकामं. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मेनं हे रचलं ते श्रोत्यांनी सोबत करावी म्हणूनच. कार्यक्रमात लोक आपणहून गायला लागतात हे त्यानं पाहिलं होतं. दाटीवाटीनं उभी असलेली माणसं काय करू शकतील, तर पाय आपटतील आणि टाळ्या वाजवतील, एवढाच त्याचा हिशेब. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, म्हणजे चर्चच्या जुन्या इमारतीत, पडलेल्या फळ्यांवर मोजक्या लोकांनी पाय आपटले आणि ते पुन्हापुन्हा मुद्रित करून एकावर एक रचले. मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्यानं प्रत्येक थर किंचित उशिरानं सोडला, आणि ते उशीर मूळ संख्यांच्या हिशेबात ठेवले, म्हणजे ते एकमेकांत मिसळून प्रतिध्वनीसारखे वाटणार नाहीत; मोठ्या मैदानात लांबलांबची माणसं पाय आपटतायत असं वाटेल. हे कळल्यावर पुन्हा ऐका. जमाव डोळ्यांपुढे उभा राहतो.

या गाण्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये होता आणि त्याचा पहिला बँड, द हेक्टिक्स, तिथेच जमला. त्यानं कधी मंगळागौर पाहिली असेल असं मी म्हणत नाही. पण साताऱ्याच्या डोंगरात पियानो शिकलेला मुलगा आपल्या कानाला इतका परका का वाटावा, हे मात्र स्वतःला विचारून बघा.

आता एक अडचण, जी जवळजवळ प्रत्येक मराठी श्रोत्याला येते. आपण टाळी चुकीच्या जागी देतो. आपली टाळी समेवर. भजनात, आरतीत, झिम्म्यात जोर पहिल्यावर. रॉकची टाळी मागच्या मात्रेवर असते. केरवा येत असेल तर सोपं आहे. आठ मात्रा मोजा. एक आणि पाचवर पाय आपटा, तीन आणि सातवर टाळी द्या. ड्रमच्या संचात पायानं वाजतो तो मोठा ढोल एक-पाचवर असतो आणि काठीनं वाजतो तो कडक ड्रम तीन-सातवर. आठवडाभर स्वयंपाक करताना, जिना चढताना हे करा. ज्या दिवशी टाळी आपोआप तीनवर पडेल त्या दिवशी गोंगाट वाटणाऱ्या निम्म्या गाण्यांना अचानक कमरेचा झोक आलेला दिसेल. हे बुद्धीनं होत नाही, शरीरानंच व्हावं लागतं.

दुसरा शब्द शिकून घ्यायचा तो रिफ. याचं मराठीकरण लोक काहीबाही करतात. माझ्या मते त्याला आपल्याकडे जवळचा एकच शब्द आहे, लेहरा. बनारसच्या कबीरचौऱ्यातल्या घरांनी एकल तबला वाजवायला जगाला शिकवलं. किशन महाराज वाजवत असताना सारंगीवर किंवा पेटीवर तीच ती छोटी ओळ सतत फिरत राहते, तो लेहरा. तबला काहीही करो, लेहरा ढळत नाही, आणि म्हणूनच तबल्याचं धाडस कळतं. रिफचं काम तेच. 'स्मोक ऑन द वॉटर' ऐका. डीप पर्पलचा हा रिफ इतका सोपा आहे की जगभरची मुलं गिटार हातात घेतल्यावर पहिला तोच वाजवतात, आणि त्यामुळेच तो नीट ऐकला जात नाही. ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात जळाला. तिथेच मुद्रण करायला आलेला हा ताफा रस्त्यावर आला आणि शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या एका हॉटेलच्या रिकाम्या बोळात त्यांनी वाद्यं मांडली. गाणं नेमकं हेच सांगतं: आग लागली, धूर तळ्यावर पसरला, आणि मग आम्ही इथे येऊन वाजवतोय. आपल्याच मुद्रणाची हकिगत झालेली अशी गाणी थोडी.

पाय झाले, लेहरा झाला. आता आपल्या जवळचा भाग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मंगला गौरीच्या त्याच परिसरात, पंचगंगेवरच्या बालाजीच्या देवळात, बिस्मिल्ला खाँ पोरवयात रियाजाला येत. नौबतखान्यात बसून. शहनाई हे मुळात उंचावरून, उघड्यावर, लांबच्या माणसासाठी वाजवायचं वाद्य. १९५९ च्या 'गूँज उठी शहनाई'साठी आपल्या वसंत देसाईंनी त्यांना मायक्रोफोनपुढे बसवलं, तेव्हा सवाल तोच होता जो पुढे हेडली ग्रेंजला पडला: लांबून ऐकायच्या आवाजाच्या किती जवळ जायचं? तुमच्याकडे खाँसाहेबांची जी कुठली ध्वनिमुद्रणं असतील ती याच कानानं ऐका. काहींत श्वास आणि पत्ती इतकी जवळ आहे की माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. काही मैफलींत शहनाई सभागृहाच्या टोकाहून तरंगत येते. दोन्ही खरंच, पण दोन वेगळी सत्यं. हा फरक शहनाईत ओळखता आला की इलेक्ट्रिक गिटारमध्ये ओळखणं सोपं. तीही अंगानं मोठ्या आवाजाची, लांबून ऐकायची.

रविशंकरांचा जन्म १९२० साली बनारसचा. १९६६ च्या सप्टेंबरात बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन त्यांच्याकडे सतार शिकायला मुंबईत आला, आणि त्याच मुक्कामात काशीलाही जाऊन रामनगरची रामलीला पाहून गेला. त्याआधी एप्रिलमध्ये त्यानं बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'साठी 'लव्ह यू टू' मुद्रित केलं होतं. रेकॉर्डच्या वेष्टनावर तबल्यासाठी नाव छापलंय, अनिल भागवत. ते नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रेकॉर्ड लावायची राहून गेली, नुसती वाचतच बसले. जगातल्या सर्वांत गाजलेल्या रॉक रेकॉर्डपैकी एकीच्या पाठीवर, चार बीटल्सच्या शेजारी, शनिवारपेठेतल्या दारावर शोभेल असं नाव.

त्याच रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं, 'टुमॉरो नेव्हर नोज', त्याहूनही जास्त भारतीय आहे असं माझं मत आहे. तानपुऱ्याचा एक स्वर तळाशी धरून ठेवलाय, आणि गाणं जवळजवळ एकाच स्वरमेळावर उभं आहे. ज्याला ख्यालाची सवय आहे त्याला पाश्चात्य गाण्यातलं क्षणाक्षणाला बदलणारं स्वरमेळांचं फर्निचर खटकतं. इथे ते हलवलंच नाही. बसा आणि तळचा सा ऐका. वर जे काही किंचाळतंय, उलटं फिरतंय, ते चालू द्या.

आणि मग 'दी इनर लाइट'. माझ्या यादीत हे सगळ्यात वर. जानेवारी १९६८, मुंबई, फोर्टमधल्या फिरोजशहा मेहता रोडवरचा एचएमव्ही स्टुडिओ. हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत मुद्रित करायला आला होता. मुंबईत तेव्हा स्टिरिओ मुद्रणाची सोय नव्हती म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन पट्ट्यांवर मुद्रण करणारं यंत्र कलकत्त्याहून आगगाडीनं आणवलं. हरिप्रसाद चौरसिया बासरीवर, आशिष खाँ सरोदवर, शिवकुमार शर्मा संतूरवर. वंडरवॉलसाठी शहनाईला शरदकुमार आणि हनुमान, ज्यांचं आडनाव वेष्टनावर 'जादेव' छापलंय आणि मी ते जाधव असंच वाचते. चित्रपटाचं काम उरकल्यावर १२ जानेवारीला हॅरिसननं याच मंडळींकडून एका गाण्याचं वाद्यसंगीत करून घेतलं, लंडनला नेलं, त्यावर तो गायला. मार्चमध्ये ते बीटल्सच्या 'लेडी मॅडोना' या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या छोट्या रेकॉर्डवर आलेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं.

आता जागा. हॅरिसननंच पुढे सांगितलंय की तो स्टुडिओ कचेरीच्या इमारतीत होता आणि आवाज अडवायची व्यवस्था नीट नव्हती. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून धडाधड उतरणाऱ्या माणसांमुळे मुद्रण थांबवावं लागे. वंडरवॉलच्या काही तुकड्यांत कान देऊन ऐकलं तर बाहेरून जाणाऱ्या टॅक्सी ऐकू येतात. फोर्टमधले कारकून, त्यांच्या चपला, तो जिना, संध्याकाळची लोकल गाठायची घाई. ती माणसं रेकॉर्डवर येऊ नयेत म्हणून खटपट केली गेली. मला मात्र दरवेळी ती थांबलेली वेळच ऐकू येते: पाच वाजून तीस, सगळे वादक हात मांडीवर ठेवून बसलेत आणि जिना वाजतोय.

वंडरवॉल संपूर्ण ऐकायचा आग्रह मी करणार नाही. तुकड्यातुकड्यांचं आहे, काही तुकडे पडद्यावरच्या दृश्यावाचून लंगडे वाटतात. पण २०१४ ला ती रेकॉर्ड नव्यानं निघाली तेव्हा सोबत 'दी इनर लाइट'चं शब्दांवाचूनचं मुद्रण दिलं गेलं. ते जरूर मिळवा, आणि आधी ते ऐकून मग गायलेलं ऐका. वाद्यं एक ओळ म्हणतात, गळा दुसरी. हा सवालजवाब त्यामुळे उघडा पडतो.

मुंबईचं ऋण याहूनही आधीचं आहे. १९६५ च्या जानेवारीत द किंक्स हा ताफा ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबला. पहाटे कामाला निघालेल्या मच्छीमारांचं एका सुरातलं म्हणणं त्यांचा गायक रे डेव्हिस याच्या कानावर पडलं आणि त्यातून 'सी माय फ्रेंड्स' झालं. त्यात सतार नाही. गिटारच अशी वाजवलीय की तानपुरा वाटावा, आणि गळा एकाच स्वराभोवती घुटमळतो. हे जुलैत बाहेर आलं, म्हणजे बीटल्सनी 'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार घेतली त्याच्या आधी. इतिहासाच्या पुस्तकांत ते मच्छीमार नुसतेच 'मच्छीमार' असतात. मुंबईच्या किनाऱ्यावर पहाटे एका दमात ओढत गाणारी माणसं कोण, हे आपल्याला विचारायला नको. रॉकमधल्या भारतीय सुराची गोष्ट सतारीपासून सांगायची पद्धत पडलीय. मी ती कोळ्यांपासून सांगते.

बनारसकडे परत यायचं तर आनंद शंकर. उदय शंकरांचा मुलगा, सतार शिकला बनारस हिंदू विश्वविद्यालयात लालमणी मिश्रांकडे. १९७० साली त्याची स्वतःच्या नावाची रेकॉर्ड आली, त्यात रोलिंग स्टोन्सचं 'जंपिन जॅक फ्लॅश' आणि द डोर्सचं 'लाइट माय फायर' सतारीवर आहे, सोबत मूग सिंथेसायझर. लोक ही दोन गाणीच उचलतात. माझ्या मते ती ओळखीच्या गोष्टीला नवा कपडा घालण्यापुरती आहेत. त्या रेकॉर्डचा जीव आहे तो 'सागर'मध्ये. तेरा मिनिटं. घाई नाही, सतार येते, जाते, यंत्राचा स्वर पाण्यासारखा खालून फुगतो. श्रावणातली पंचगंगा पाहिलेल्या माणसाला ते पाणी समुद्राचं वाटणार नाही.

उलटा प्रवासही ऐका. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचा पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' मुद्रित केली. ती पडून राहिली, २०१५ साली 'कोडा'च्या वाढीव आवृत्तीत बाहेर आली. 'फोर स्टिक्स'मध्ये इथले वादक आणि तिथला ठेका एकमेकांना चाचपडतायत ते स्पष्ट कळतं. मला ते सफाईदार मुद्रणाहून मोलाचं वाटतं. आणि १९७४ मध्ये रविशंकरांच्या ताफ्यातून बनारसचे शहनाईवादक अनंत लाल हॅरिसनच्या इंग्लंडमधल्या घरी, फ्रायर पार्कला, जाऊन वाजवून आले. ते ध्वनिमुद्रण 'म्युझिक फेस्टिव्हल फ्रॉम इंडिया' नावानं मिळतं. नौबतखान्यातलं वाद्य फ्रायर पार्कच्या वाड्यात.

एवढं झालं की शब्दांकडे वळा, त्याआधी नको. आणि गाणं लिहू पाहणारे असाल तर हा भाग तुमच्यासाठी.

रॉकच्या गाण्याची रचना आपल्याला वाटते त्याहून ओळखीची आहे. कडवं, ध्रुवपद, कडवं, ध्रुवपद, मग एक मधला वळसा, पुन्हा ध्रुवपद. त्याच्या मुळाशी ब्लूज: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरीत तिचं उत्तर. मंगळागौरीच्या खेळगाण्यांचा सांगाडा काढून बघा. एकीनं अडचण सांगायची, बाकीच्यांनी तोच आग्रह तसाच धरायचा. पुढच्या कडव्यात फक्त अडचण बदलते. दागिन्याची असते, मग कपड्याची, मग सासरची. ठेका आणि ध्रुवपद खांब धरून उभे, आत एकेक शब्द पालटतो. खेळताना दम लागलेल्या बाईला लांबलचक ओळ म्हणता येत नाही, म्हणून ओळी आखूड. ही शिस्त पायांनी घालून दिलेली आहे, आणि चांगल्या रॉक गाण्यातही तीच असते. 'वी विल रॉक यू'ची तीन कडवी बघा: पोरगा, तरुण, म्हातारा. एका माणसाचं आयुष्य तीन उड्यांत, मधलं काही नाही. मधलं ऐकणाऱ्यानं भरायचं.

'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' मूळचं लेड झेपेलिनचं नव्हे. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर कॅन्सस जो मकॉय आणि मेंफिस मिनी या जोडप्यानं १९२९ साली ते मुद्रित केलं. दोन गिटार, एक गळा, तीनेक मिनिटं. मूळ आधी ऐका. जो गातो तो निवांत वाटतो. बांध फुटेल, घर सोडावं लागेल, हे तो रोजच्या गोष्टीसारखं सांगतो. बेचाळीस वर्षांनी जिन्यात वाजलेल्या ड्रमनी तोच पूर प्रत्यक्ष आणून सोडला. दोघांत थोर कोणतं, यावर माझं मत ठाम आहे: लेखन म्हणून पहिलं, ध्वनिमुद्रण म्हणून दुसरं. गाणं लिहिणाऱ्यानं पहिल्याकडून शिकावं. आवाज चढवायची वेळ आली की शब्द खाली उतरवायचे.

'दी इनर लाइट'चे शब्द चिनी 'ताओ ते चिंग'च्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणावरून घेतलेत. केंब्रिजला संस्कृत शिकवणाऱ्या, उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलेल्या हुआन मास्कारो यांनी ते हॅरिसनला सुचवलं. त्यानं काय केलं, तर जवळजवळ काहीच नाही. आशय तसाच ठेवला, पहिल्या कडव्यातला 'मी' तसाच ठेवला, आणि दुसऱ्यात तेच 'तू' करून पुन्हा म्हटलं. सर्वनामाचा एवढा एक बदल. मराठीत रॉक लिहू पाहणाऱ्या मुलामुलींना माझी हीच शिफारस असते: उपमा शोधत बसू नका, तुमच्या कडव्यातलं 'ती' काढून 'तू' करून बघा, 'आम्ही' काढून 'मी' करून बघा, आणि प्रत्येक वेळी उभं राहून, पाय आपटत म्हणून बघा. पायाशी भांडणारा शब्द तिथेच गळतो. मराठीत आणखी एक सोय आहे, क्रियापद शेवटी येतं. म्हणजे जोर शेवटच्या शब्दावर ठेवता येतो, आणि मागच्या मात्रेवरची टाळी नेमकी तिथे बसवता येते. जे मराठी रॉक कानाला भाषांतरासारखं लागतं, त्यात बहुतेकदा क्रियापद ओळीच्या पोटात कोंबलेलं असतं.

साधनांबद्दल थोडक्यात. साठच्या दशकातलं स्टिरिओ मुद्रण कानात घालायच्या फोनवर ऐकू नका. त्या काळी अनेकदा गळा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला ठेवत, ते कानात टोचतं. स्पीकर वापरा, भिंतीपासून हातभर पुढे, आणि शक्य असेल तेव्हा 'रिव्हॉल्व्हर'ची मोनो आवृत्ती घ्या. ती बीटल्सनी स्वतः बसून केलेली आहे. २०२२ ची नवी आवृत्ती स्वच्छ आहे, गळा आता मधोमध आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तीही चालेल. जुन्या रेकॉर्ड विकत घेताना उजेडात तिरकी धरून बघा. मी एकदा घाईत घेतलेली तबकडी घरी लावली तर सुई होडीसारखी वरखाली. वाकलेली होती, आणि दुकानदारानं परत घेतली नाही. धूळ पुसायची ती चऱ्यांच्या दिशेनं, कधीही आडवी नाही. साध्या बोळ्यानं तर मुळीच नको. आणि पहिले काही दिवस एका बैठकीत दोनच गाणी. आपण रात्रभर ऐकणारे लोक, दोनवर थांबायचं जिवावर येतं. पण रॉकचं मुद्रण दाट असतं, कान लवकर भरतो.

एक प्रयोग उरला. येत्या श्रावणात घरी किंवा शेजारी मंगळागौर असेल तर दोन मोबाइल घ्या. एक खेळणाऱ्यांच्या जवळ, खुर्चीवर. दुसरा जिन्यात, दोन मजले वर, कठड्याला सुतळीनं बांधून खाली लोंबता. दोन्हींवर मुद्रण चालू करा आणि विसरून जा. फुगडीला रंग चढू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आधी खुर्चीवरचं ऐका, मग जिन्यातलं, आणि त्यानंतर लगेच, मध्ये चहालाही न उठता, बॉनमचे ड्रम लावा.